मोकळे स्टंप

"पण मी का जाऊ, वस्ताद? मी काय खून केलाय कुणाचा?"

रणधीर चौगुले मैदानाच्या कट्ट्यापाशी उभा राहून विचारत होता. खांद्याला किट, पायात नवेकोरे स्पाइक. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला राज्याच्या शिबिराला निघणार होता. वस्तादांच्या पाया पडायला आला होता.

वस्ताद म्हणजे दस्तगीर मुल्ला. शब्द खरा तालमीतला, पण सांगलीत कुस्तीच्या शब्दावाचून कुणाचं पान हलत नाही. फास्ट बॉलिंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्यालाही आम्ही वस्तादच म्हणायचो. त्यांच्या हाताखालचा पोरगा वरच्या संघात निघाला की ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. ज्याच्या डोक्यावर तो हात पडला नाही, त्याला गावात कुणी त्यांचा शिष्य म्हणत नसे. रणधीरला तो हात पाहिजे होता.

आणखी एक रीत होती. आपल्या चेंडूनं कुणी जायबंदी झाला तर त्याच संध्याकाळी, अंगावरचे मळके कपडे न बदलता, त्याला बघायला जायचं. माफीबिफी मागायची नाही. नुसतं जाऊन बसायचं, आणि त्याच्या घरच्यांनी चहा दिला तर गुमान प्यायचा.

रणधीर गेला नव्हता.

आदल्या दिवशी जयसिंगपूरशी सामना होता. त्यांचा शेवटचा गडी सुकुमार मगदूम. डावखुरा फिरकीवाला, बॅट कुठून धरायची एवढंच काय ते ठाऊक. रणधीरचा चेंडू उसळला तो हेल्मेटच्या फटीतून आत घुसला आणि डोळ्यावर बसला. सुकुमार आता मिरजेच्या दवाखान्यात होता. डोळा राहील की जाईल, डॉक्टर सांगत नव्हते.

"आज बघायला गेलो," रणधीर म्हणाला, "की उद्या त्यांच्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा मला पुढं येऊन मारणार. धाक जातो, वस्ताद."

"तू जा असं मी म्हणालोच नाही," वस्ताद म्हणाले. "मी सकाळी जाऊन आलो."

"काय म्हणाला?"

"मला औट दिलं का, एवढंच विचारत होता."

रणधीर खो खो हसला. मी तिथंच सरावाची जाळी गुंडाळत होतो. त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला, अजून येतो.

वस्ताद हसले नाहीत. कट्ट्यावर बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं,

"घाबरला होता का रे?"

"कोण, सुकुमार? अहो, पाय लटलटत होते त्याचे! मी पळायला सुरुवात केली तोवर गडी लेगला पसार. जाऊन अंपायरच्या मांडीवर बसतोय की काय, असं वाटलं."

"लेगला सरकला."

"पार बाहेर."

"मग स्टंप?"

"स्टंपाचं काय?"

"दिसत होते?"

"दिसणार नाहीत तर काय? मोकळे. तिन्हीच्या तिन्ही."

"सरळ टाकला असतास तर?"

"दांडी गुल. तिथंच सामना संपला असता."

"मग?"

रणधीरनं किटचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"वस्ताद, विकेट काय, कुणीही घेतं. निवड समितीचे लोक बसले होते. त्यांना धाक बघायचा होता. तुम्हीच नाही का सांगायचात, फास्ट बॉलरचा धाक पाहिजे म्हणून?"

"सांगायचो."

"मग?"

"दिसला त्यांना?"

"टाळ्या वाजवल्या की! निवडलं मला."

खोटं नव्हतं. सुकुमार तोंड धरून खेळपट्टीवर लोळत होता आणि तंबूत चांगल्या घरची, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं टाळ्या वाजवत होती. मी डोळ्यांनी बघितलंय. शिसारी आली होती.

वस्ताद गुडघे धरत उठले. फास्ट बॉलरचे गुडघे म्हातारपणी असेच होतात. कट्ट्याखालून त्यांनी तीन स्टंप ओढले, खेळपट्टीच्या टोकाला नेऊन रोवले आणि रणधीरच्या हातात चेंडू दिला.

"उडव."

"बॅट कोण करणार?"

"कुणी नाही. काल तरी कोण होतं? मोकळे होते म्हणालास ना?"

"एवढंच?" रणधीर म्हणाला. किट टाकलं, बाह्या वर केल्या. हे तर पोराटोरांचं काम, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं.

पळत आला. काय पळत येतो तो! चेंडू मध्येच आपटला, उसळला आणि स्टंपांच्या बराच वरून, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीनं, मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"हात ओला होता," रणधीर म्हणाला.

वस्तादांनी मान हलवली. टाक म्हणाले.

पुढचा लेगला गेला. काल सुकुमार जिकडं सरकला होता, नेमका तिकडं आणि तोंडाच्या उंचीवर.

रणधीरनं शर्टाला हात पुसले. पळायला जिथून सुरुवात करायचा ती खूण पायानं पुन्हा आखली. परत पळाला. परत तेच. भिंतीवर आदळून चेंडू घरंगळत यायचा, वस्ताद तो वाकून उचलायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. किती टाकले ते मी मोजले नाहीत. एकही चेंडू स्टंपाला शिवला नाही.

पोरगा घामानं निथळत होता. मघाचा रुबाब पार उतरला होता आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

शेवटी त्यानं चेंडू जमिनीवर आपटला.

"असं कसं जमेल, वस्ताद? नुसत्या लाकडांना काय टाकायचं? समोर कुणीतरी पाहिजे की! कुणालातरी उभं करा, मग बघा!"

आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी जाळी तिथंच टाकली आणि मागं सरकलो. खोटं कशाला सांगू, भीती वाटली.

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. पोराला ओळखायचा प्रयत्न करताहेत असं वाटलं मला. मग ते हळूहळू खेळपट्टीच्या टोकाला गेले, एकेक स्टंप हलवून उपटला आणि तिन्ही छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून परत आले.

रणधीर पाया पडायला वाकला. वाकलेलाच राहिला. वस्तादांनी हातातले स्टंप खाली ठेवले नाहीत.

"वस्ताद," तो खालूनच म्हणाला, "उद्या निघतोय मी… हात ठेवा की डोक्यावर."

"जा," वस्ताद म्हणाले. "तिथं देतील तुला माणसं उभी करून."