धाकू गुरवाचा डावा कौल

फार वर्षांपूर्वी, तालुक्याला कोर्ट नवंनवं आलं होतं आणि माणसं भुताखेतांपेक्षा त्यालाच जास्त भीत होती, तेव्हाची ही गोष्ट. भालसुरे गावात धाकू नावाचा गुरव राहायचा. झोलाईदेवीची पूजा त्याच्याकडे आणि देवीला कौल लावायचा मानही त्याचाच. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण धाकूनं सांगितलेला कौल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न असो, पेरणी असो, भावाभावांची भांडणं असोत, धाकू सांगेल ते गाव निमूट ऐकायचं.

कौल लावायची रीत अशी. फुलाचे दोन कळे पाण्यात भिजवायचे, देवीच्या दगडी खांद्यांवर एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवायचा, मग प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. आणि कौल एकदा लागला, की तो पडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. घाटावरच्या माणसापासून खाडीवरच्या माणसापर्यंत सगळे ही रीत पाळायचे.

देवीभोवती तिची राई होती. दिवसा आत शिरलं तरी अंगावर काटा यावा, अशी दाट. राईतलं वाळकं काटूक कुणी चुलीत घालत नसे. राईच्या पोटातून एक झरा निघायचा आणि खालच्या तीन वाड्या त्यावर जगायच्या. धाकूच्या आईनं त्याला जन्मल्यावर पहिली अंघोळ त्याच झऱ्याच्या पाण्यानं घातली होती, असं म्हणतात.

आणि एका वर्षी गावाच्या खोतानं ती राई विकली. बंदरावरच्या एका ठेकेदाराला कोळशाच्या भट्ट्या लावायच्या होत्या. त्याची माणसं आली आणि झाडांच्या बुंध्यांवर डांबराच्या फुल्या मारून गेली. धाकू एकेका फुलीवरून हात फिरवत राईभर हिंडला. त्याच्या तळहाताला लागलेलं डांबर पुढं महिनाभर निघालं नाही.

गावचा मुख्य रावजी गावकार चार माणसं घेऊन तालुक्याला ओक वकिलांकडं गेला. वकील म्हणाले, "राई देवीची आहे, असा दावा लावू. कायद्यानं देव मालक होऊ शकतो. पण कायद्याच्या लेखी देव म्हणजे कायमचं लहान मूल. त्याच्या वतीनं कोर्टात पालक उभा करावा लागतो. तुमचा गुरव उभा राहील का?"

गावात हे कळलं आणि बायाबापड्यांनी तोंडावर पदर घेतले. जिला आई म्हणायचं तिला लेकरू म्हणायचं? जिनं आपल्याला पोसलं तिचे पालक व्हायचं? शेवटी रावजी म्हणाला, "आपण कशाला डोकं फोडायचं? तिलाच इचारू. आये, तुला कोर्टात नेऊ काय, म्हनून कौल लाव, धाकू."

सगळं गाव देवळाच्या अंगणात बसलं. गाभाऱ्यात धाकू एकटा. त्यानं कळे लावले, प्रश्न विचारला आणि श्वास रोखून उभा राहिला. माशी हलली तरी ऐकू यावी, अशी शांतता होती.

डावा कळा पडला.

धाकू त्या कळ्याकडं बघत राहिला. देवी नको म्हणाली होती. का म्हणाली, ते तिचं तिला ठाऊक. काही म्हणतात, तिला राग आला. आपल्याच माणसांनी आपल्याला कचेरीची पायरी चढायला लावावी, याचा कुठल्या आईला येणार नाही? धाकूला एवढंच कळत होतं, की आता बाहेर जाऊन खरं सांगितलं तर गाव हात जोडून घरी जाईल आणि आठ दिवसांत राई जळून कोळसा होईल. कौल खोटा सांगणाऱ्या गुरवाची वाचा जाते, हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापानं त्याला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. तो बाहेर आला, गावासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"उजवा."

गावानं देवीच्या नावानं गजर केला. पण खांबाआड खोताचा कारभारी उभा होता आणि त्याचे डोळे घारीचे होते.

दावा लागला. तारखेच्या दिवशी कोर्ट माणसांनी फुलून गेलं. खोताचा वकील उठला. त्यानं झोलाईच्या पायावरचा बेल आधीच मागवून ठेवला होता. तो बेल त्यानं धाकूच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाला, "हा हातात घेऊन सांग. हा दावा लावायला तुझ्या देवीनं कौल दिला का?"

धाकूच्या कपाळावरून घाम निथळला. हो म्हणावं तर देवीची खोटी शपथ. नाही म्हणावं तर राई गेली. मागं सगळं गाव बसलेलं, आणि त्या गावानं आजवर त्याचा एकही शब्द दोनदा विचारला नव्हता. समोर न्यायाला बसलेल्या मुन्सफांनी टाक खाली ठेवला. ओंजळीतला बेल तेवढ्यात सुकून गेला, असं म्हणतात.

"न्हाय दिला," धाकू म्हणाला. "कौल डावा पडला. मी गावाला खोटा सांगितला."

कोर्टात एकच गलका उडाला. रावजी डोकं धरून खाली बसला. खोताचा वकील हसत म्हणाला, "संपलं! देवीलाच दावा नको आहे."

मुन्सफांनी हात वर केला आणि धाकूला विचारलं, "मग तू खोटं का बोललास?"

धाकू बेलाकडं बघत बोलला, वर मान न करता. "म्हाराज, माज्यासाठी ती आयच हाय. पन तुमच्या कायद्यानं ती लेकरू, आन् मी पालक. लेकरू औषद नको म्हनतं. म्हनून कोन पाजायचं ऱ्हातं काय? त्याचा राग सोसायचा आन् पाजायचं. मी रागाला तयार हाय."

मुन्सफांनी कागद ओढला आणि मनाई हुकूम लिहिला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत राईतल्या एका झाडालाही कुऱ्हाड लागू नये. खाली मोहोर उठवली.

बाहेर आल्यावर रावजीनं हुकुमाची नक्कल धाकूच्या हातात दिली खरी, पण नजर दिली नाही. "राई वाचली तुज्यामुळं. पन आजपास्नं आयच्या अंगाला हात लावायचा न्हायस तू." धाकूनं बोलायला तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. कोर्टाची पायरी उतरता उतरता त्याची वाचा गेली, असं म्हणतात. ती पुन्हा कधी आली नाही.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. खोताचा कारभारी घोड्यावरून कधीच भालसुऱ्याकडं सुटला होता. हुकूम गावात पोचायच्या आत तोड सुरू करायची, असा त्याचा डाव होता. गावातली माणसं तर सगळी इथं. धाकूनं कागद मुंडाशात खोचला आणि तो धावत सुटला. तालुका ते भालसुरे आठ कोस. मधे दोन नद्या. त्या दिवशी नद्यांनी त्याला वाट दिली, पाणी घोट्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. मागं राहिलेल्यांना त्याच नद्या छातीपर्यंत लागल्या.

तो पोचला तेव्हा ऊन अजून झाडांवर होतं. राईत साठ लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन उभे होते. पहिला घाव बिबळ्याच्या झाडावर बसला होता आणि त्यातून लाल चीक ओघळत होता. जाणकार सांगतील, बिबळ्याचा चीक लालच असतो. पण ते पाहून तोडे मागं सरकले होते, आणि कारभारी त्यांना शिव्या घालत होता.

धाकूनं कागद वर धरला. कारभारी म्हणाला, "असले कागद माज्याकडं पेटीभर हायत. चला रे, कुऱ्हाडी उचला!" तोड्यांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. धाकूचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. कुऱ्हाडी खांद्याच्या वर गेल्या.

मग धाकू वळला आणि देवळात शिरला. ज्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून गावानं बजावलं होतं, त्या अंगासमोर तो उभा राहिला. त्याला रडू कोसळलं. त्यानं तो मोहोरेचा कागद झऱ्याच्या पाण्यात भिजवला आणि दोन्ही हातांनी देवीच्या छातीवर चिकटवला. कौल लावतात तसा.

तोड्यांनी ते दारातून पाहिलं आणि एकेक कुऱ्हाड खाली आली. कौल लागला होता. आता तो पडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नव्हता. साठच्या साठ माणसं जागच्या जागी बसली. कारभाऱ्यानं मजुरी दुप्पट केली, चौपट केली. कुणी उठलं नाही.

कागद वाळला, पण पडला नाही. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. वारा आला, माकडांनी छपरावर धुडगूस घातला, कागदाचा कोपरासुद्धा सुटला नाही. तिसऱ्या दिवशी कोर्टाचा बेलीफ आला, दवंडी पिटली आणि हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटचा शब्द वाचून झाला आणि कागद आपणहून सुटला. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळ देवीच्या पायांवर पडला. दावा पुढं अकरा वर्षं चालला आणि राई देवीचीच ठरली.

धाकू मात्र त्या दिवसानंतर राईत गेला नाही. राईच्या वेशीवर एक बसकी शिळा होती, तिच्यावर तो उरलेलं आयुष्य बसला. रावजी स्वतः तीनदा बोलवायला आला. धाकूनं तिन्ही वेळा हात जोडले आणि मान हलवली. गावानं माफ केलं होतं, पण ज्या दोघांत ते खोटं घडलं, त्या आई-लेकरांत गाव कुठं होतं? एका सकाळी शिळा रिकामी दिसली. तो मेलेला कुणी पाहिला नाही, असं म्हणतात.

अजूनही भालसुऱ्यात रीत आहे. राईत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकानं धाकूच्या शिळेजवळ थांबायचं आणि वर्षभरात बोललेलं एक तरी खोटं मोठ्यानं सांगायचं. जत्रेच्या दिवशी तर रांग लागते. सुना सांगतात, सासवा सांगतात, सरपंचाला जरा जास्त वेळ लागतो. ऐकणाऱ्यानं हसायचं नाही आणि नंतर ते कुणाला बोलायचं नाही.

मागं एक साहेब राईतून रस्ता काढायला आले होते. मोजणीची माणसं होती, नकाशे होते, सगळ्यावर सह्या होत्या. गावानं अडवलं नाही. एक म्हातारी फक्त पुढं झाली आणि शिळा दाखवून म्हणाली, "जावा की सायब. आदी हितं बोला आन् मग जावा."

साहेब शिळेसमोर उभे राहिले. हातातल्या कागदांकडं त्यांनी एकदा पाहिलं, मग राईकडं पाहिलं. शेवटी न बोलता मागं वळले आणि गाडीत जाऊन बसले.