शेंदूर नसलेला म्हसोबा

कोंडसरीच्या टेकडीवर म्हसोबाचा कातळ आहे. त्यावर छिन्नीने पाडलेली आडवी खाच आणि खाली बाण. पाहुणे बुचकळ्यात पडतात, म्हणून गावचे जाणते सांगतात: तुम्ही कचेरीत ऊठसूट 'बेंचमार्क' म्हणता ना, तो मूळचा हा. खाचेत लोखंडी पट्टी बसवायची, ते झालं बाक. त्या बाकावर मोजणीची काठी उभी करून उंची घ्यायची. कामाचा दर्जा वगैरे अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटले.

रखमाजी गुरवाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी अमलात मोजणीचा साहेब खाच पाडून गेला आणि म्हणे रखमाजीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. फुकट कोण कशाला दगड फोडेल? त्याने साहेबाचं मोजणीचं सामान वाहणाऱ्या, मागे राहिलेल्या खलाशाला गाठलं.

"दादा, हे कशापायी?"

"पाट येणार. साहेब फिरून येतील, ही खूण धरून तुमच्या दारावरनं पाणी नेतील."

"आमच्या दारावरनं? आन् जिमीन कुनाची जानार?"

घरी त्याची बायको भागू म्हणाली, "खरंच पानी आलं तर? खालनं हंडे वाहून माझी मान मोडली."

"गप ऱ्हा. गोड बोलून गळा कापत्यात ही मानसं."

रखमाजीने खाचेत चिकणमाती ठासली, वर शेंदराचे थर चढवले आणि म्हसोबा प्रकटल्याची हाकाटी केली. गाव आधीच साशंक, त्याला तेवढंच हवं होतं. साहेब परतला, खूण शोधून थकला. सगळ्यांची तोंडं शिवलेली. शेंदराला हात लावायची खलाशाची छाती झाली नाही. अखेर साहेबाने शेजारच्या गावची खूण धरली आणि पाट टेकडीच्या पायथ्याने नेला.

पाणी सुटलं त्या दिवशी कुणाचीही जमीन गेलेली नव्हती. भागू खाली उतरली, पाटाचा हंडा भरून वर आली आणि साऱ्या गावादेखत करवंटीने शेंदूर खरवडू लागली. देव कोपेल म्हणून बायका ओरडल्या. खाच मोकळी झाली तशी तिने हंडा त्या खाचेवर ओतला आणि रिकामा रखमाजीच्या हातात दिला.

"आता हा तुमी वाहा."

आजही इथल्या म्हसोबाला शेंदूर चढत नाही. जत्रेला गुरवाच्या घरचा पुरुषच पाटाचा हंडा डोक्यावर घेऊन टेकडी चढतो आणि खाचेवर ओततो. पाणी क्षणभर खाचेत थांबतं, मग उताराने पुन्हा पाटाकडे निघून जातं.