उष्टे कण

“मग काय या उष्ट्या कणांची पूजा मांडू, स्वामी?”

भांडी घासता घासता सौमित्र तणतणला.

वैनगंगेकाठच्या त्या मठात तो दुपारीच आला होता. त्याचे गुरू पूर्वी विद्यापीठात दगडांचं शास्त्र शिकवत. आता भगव्यात, या मठाचे स्वामी होते. आल्या पाहुण्याने भांडी घासायची, हा मठाचा नेम. त्यातून शिष्यही सुटत नसे.

स्वामी चुलीवरचं दूध ढवळत राहिले.

“अर्धा डोंगर कुटला मी. त्यातून झिरकॉन या खनिजाचे कण वेचले. इथल्या भूमीचा पाया पृथ्वीच्या पोटातून थेट वर आला, एका दमात घडला, असं माझ्या प्रबंधाचं म्हणणं. मला कोरे कण हवे होते. आणि निघालं काय? जड ऑक्सिजन!”

“म्हणजे?”

“तुम्हीच तर शिकवलंत! म्हणजे तो दगड आधी कधीतरी उघड्यावर होता. पाण्याने झिजला, गाळ झाला, परत पोटात गेला, वितळला, आणि त्यातून हा कण. उष्टाच की!”

“एकही कोरा नाही?”

“आहेत... थोडे.”

“मग?”

“तेवढेच ठेवतो. बाकीचे खराब म्हणून गाळतो. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. तुमचा शब्द असला की प्रबंधाला कोणी हात लावत नाही.”

स्वामींनी कपाळावर हात मारून घेतला.

“देवा रे... तू माझा शिष्य आहेस, हे गावात बोलू नकोस.”

सौमित्र आणखी जोराने घासू लागला.

स्वामींनी दुधात करंगळी बुडवून पाहिली. कोमट झालं होतं.

“दह्याचं दगडी भांडं आण. उद्या उद्यापनाच्या बाया येतील. देवाला दहीभात दाखवल्याशिवाय त्या बिचाऱ्या पाण्याचा घोटही घेत नाहीत.”

सौमित्रने भांडं आणलं. आतून लखलखत होतं.

“तळाशी कालचं चमचाभर चिकटलं होतं. आंबूस वास येत होता. राखेने घासून काढलं.”

स्वामी भांड्यात बघत राहिले...

सौमित्रनेही आत पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

“विरजण... होतं?”

स्वामींनी मान हलवली.

“आत्ता आणतो. गावात कोणाकडे तरी असेलच.”

“दिवे लागले, शहाण्या. तिन्हीसांजेला विरजण कोण घराबाहेर देईल?”

चुलीत लाकूड तडकलं. बाहेर कोणीतरी उद्याच्या पूजेसाठी अंगण सारवत होतं.

सौमित्र मान खाली घालून उभा राहिला. हाताला राख तशीच होती...

स्वामींनी सगळं दूध त्या भांड्यात ओतलं आणि ते त्याच्यापुढे सरकवलं.

“घे. अगदी कोरं आहे. लाव दही.”