पडल्यावरचा फोन

ट्रॅकवर उतरण्याआधी मोटारसायकल क्लबचे प्रमुख रणधीरदादा यशोधनला म्हणाले, "चौथ्या वळणावर ब्रेक लावायचा नाही. पडलास नि थोबाड बिघडलं तरी चालतंय, लग्न झालंय तुझं." सगळे खदखदून हसले. यशोधनही हसला.

दीड महिन्यापूर्वीच लग्न झालेल्या त्याच्या बायकोच्या, ईश्वरीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवऱ्याच्या हातातला फॉर्म घेतला. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' याच्यापुढचं स्वतःचं नाव खोडून तिने रणधीरदादांचं लिहिलं.

"हे काय, वहिनी?"

"फोन तुम्हाला येईल, दादा. मग सासूबाईंना तुम्हीच कळवा. आत्ताचा विनोद सांगा, याच शब्दांत."

दादा यशोधनकडे वळले.

"यशोधन, चौथ्याला ब्रेक लाव रे. तिसऱ्यापासूनच लाव."