गिरिजाचा पेला

एका संशोधन संस्थेच्या दारात एकदा एक वृद्ध व्यापारी आले. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेला चांदीचा एक पेला होता. त्यांचं नाव मल्लिनाथ शेटे. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं त्यांचं दुकान तीन पिढ्यांपासून गावात चालत आलेलं. धातू काळा पडतो आणि घासला की उजळतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी ते आले होते, कारण त्यांच्या कानावर आलं होतं की इथले एक शास्त्रज्ञ धातूवर असा पातळ थर चढवतात, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्याखाली चांदी वर्षानुवर्षं आहे तशी राहते.

ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. खासनीस. त्या दिवशी ते परगावी होते. प्रयोगशाळेत त्यांची विद्यार्थिनी ऋजुता होती. चार वर्षं तिने याच एका विद्येची साधना केली होती. हात शांत, नोंदी चोख, आणि आपलं काम उत्तम होतं याची तिला स्वतःलाही जाणीव होती.

"हा काळा पडत चाललाय," शेटे म्हणाले. "आता आणखी पडू नये. एवढंच बघा."

"नाही पडणार, काका. सोमवारी न्यायला या."

"जपून करा, ताई."

"अगदी जपून करीन."

शेटे थोडे घुटमळले. काहीतरी सांगावं असं त्यांच्या मनात असावं. पण जे घरातसुद्धा कुणी बोलत नाही, ते परक्या मुलीसमोर एकाएकी कसं बोलावं? ते तसेच निघून गेले.

या विद्येची रीत अशी. पेला बंद पात्रात ठेवून आतली हवा काढून घ्यायची. मग अॅल्युमिनियमचा अंश असलेला वायू अगदी क्षणभर आत सोडायचा. चांदीच्या पृष्ठभागावर जिथे जिथे जागा असेल तिथे तो धरला जातो, एकाच थरात. जागा भरल्या की आणखी कितीही वायू सोडा, तो लागत नाही. उरलेला झाडून बाहेर काढायचा आणि थांबायचं. मग पाण्याची वाफ सोडायची, म्हणजे धरलेल्या वायूचं घट्ट कवच बनतं. पुन्हा झाडायचं, पुन्हा थांबायचं. अशी पाचशे आवर्तनं झाली तरी थराची जाडी केसाच्या हजाराव्या भागाएवढीही होत नाही. मधलं थांबणं कुणी टाळलं, तर दोन्ही वायू वाटेतच एकमेकांना गाठतात आणि कवचाऐवजी भुकटी पडते.

आणि या सगळ्याआधी एक नियम होता: धातू स्वच्छ हवा. ऋजुताने तो पाळला. अॅल्युमिनियमचा पत्रा अंथरलेल्या भांड्यात सोड्याचं गरम पाणी घेऊन तिने पेला त्यात बुडवला. घासलाही नाही, ओरखडा उठेल म्हणून. बघता बघता सगळा काळेपणा गेला. मग तिने थर चढवला. तिच्या हातून आजवर झालेल्या थरांमध्ये तो सर्वांत निर्दोष होता.

सोमवारी शेटे आले तेव्हा खासनीस सर परतले होते. शेट्यांनी पेला हातात घेतला, फिरवून पाहिला, खिडकीशी नेला, पुन्हा फिरवला.

"बोटं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

ऋजुताला प्रश्न कळला नाही.

"माझ्या मुलीची बोटं होती यावर. गिरिजाची." शेट्यांचा आवाज चढला नव्हता. "सात महिने अंथरुणावर होती. औषध, पाणी, सगळं याच पेल्यातून. अंगात ताप, हाताला सारखा घाम. चार बोटं या बाजूला, अंगठा त्या बाजूला, असे काळे ठसे उठले होते. ती गेल्यावर तिच्या आईने पेला धुतला नाही. नऊ वर्षं झाली. आता बाकीची चांदीही काळी पडायला लागली, त्यात बोटं बुडत चालली होती. ती बुडू नयेत म्हणून आणला होता."

मग सर उठले आणि त्यांनी हात जोडले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "धातू स्वच्छ कसा करायचा ते मी हिला शिकवलं. स्वच्छ करण्याआधी विचारायचं असतं, हे शिकवायचं राहून गेलं."

"तिच्या आईला काय सांगू मी?" शेटे म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता पेला घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी ऋजुता त्यांच्या घरी गेली. दारात उभी राहून ती रडली, पुष्कळ बोलली. नियम काय होता, आपल्याला कल्पना कशी नव्हती, आपल्याला किती यातना होताहेत, फोटो असेल तर ठसे पुन्हा उमटवून बघता येतील का. शेट्यांच्या पत्नी, नीलावतीबाई, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "झालं ते झालं," शेटे म्हणाले आणि त्यांनी हलकेच दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऋजुता आठ पानांचं पत्र लिहून घेऊन आली. आज ते द्यायचं, उद्या पुन्हा जायचं, क्षमा मिळेपर्यंत जातच राहायचं, असं तिने ठरवलं होतं. सरांनी पत्र शांतपणे वाचलं, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला.

"हे द्यायचं नाही. गुरुवारी त्यांचं दुकान बंद असतं. त्या दिवशी जा. एक वाक्य बोल. त्यांनी बस म्हटलं तर बस, नाहीतर परत ये. मग पुढच्या गुरुवारपर्यंत तिकडे फिरकू नकोस."

"एवढ्या मोठ्या अपराधाला एक वाक्य, सर?"

सर यंत्राकडे वळले. ऋजुताला ते प्रथमच निष्ठुर वाटले. पण पहिल्या गुरुवारी ते स्वतः तिच्याबरोबर गेले.

"माझ्या हातून चूक झाली, काकू," ती म्हणाली. उत्तर आलं नाही. दोघं परतली.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच गेली. "मी विचारायला हवं होतं."

"हो," नीलावतीबाई म्हणाल्या. तेवढंच.

तिसऱ्या गुरुवारी दार उघडलं नाही. चौथ्या गुरुवारी तिला बसायला पाट मिळाला. असे अडीच महिने गेले. एका गुरुवारी नीलावतीबाई मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गिरिजाला मेथी निवडायचा भारी कंटाळा." ऋजुताच्या मनात कितीतरी प्रश्न आले. तिने एकही विचारला नाही. समोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली.

हे तिने सरांना सांगितलं, तेव्हा ते यंत्रापाशी बसले होते.

"आता सांगतो," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी तू त्यांच्या दारात जे ओतलंस ते खोटं नव्हतं. पण त्या माउलीच्या मनात त्या दिवशी एका शब्दापुरतीही जागा नव्हती. जागा असते तेवढंच धरलं जातं, हे तू रोज इथे पाहतेस. आणि मध्ये थांबलं नाही, तर आपलं रडणं आणि त्यांचं दुःख वाटेतच एकमेकांवर आदळतं. मग हाती भुकटी उरते. तुझं पत्र मी वाचलं. त्यात गिरिजाचं नाव दोनदा होतं, बाकी सगळीकडे तू होतीस. आपल्या मनावरचं ओझं त्यांनी का उचलावं?"

"किती दिवस जायचं, सर?"

"थर किती जाडीचा हवा ते आपण आधी ठरवतो. हे ठरवणं आपल्या हाती नाही. बोटं परत येणार नाहीत. क्षमा मिळेल असंही मी तुला सांगत नाही."

"मग जायचं कशासाठी?"

"त्या घरात नऊ वर्षं त्या मुलीविषयी कुणी बोललेलं दिसत नाही. पुसलेलं आपल्याला उमटवता येत नाही, ऋजुता. बोललेलं ऐकता येतं."

ती जात राहिली. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गिरिजा भांडकुदळ होती, सायकलवरून पडून तिचा दात तुटला होता, देवळात जायला ती नाखूश असे, असं एकेक नीलावतीबाई सांगत. शेटे आतल्या खोलीत असत. कधी बाहेर येत नसत.

एका गुरुवारी ते बाहेर आले आणि उंबऱ्याशीच बसले.

"शेवटच्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं होतं," ते म्हणाले. कुणाकडे बघून म्हणाले ते कळलं नाही. "डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी पेला भरून हातात धरला, आणि दिला नाही. थांब म्हटलं. तासाभरात गेली. हे मी कुणाला सांगितलं नाही."

नीलावतीबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी दाराशीच होते. मीही आत आले नाही."

शेट्यांनी मान वर करून पत्नीकडे पाहिलं. ऋजुता आवाज न करता उठली, बाहेर येऊन तिने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. रस्त्यावर आल्यावर तिला आतून रडण्याचा आवाज आला. एकाचा नव्हता, दोघांचा होता.

क्षमा केली, असं त्या दोघांपैकी कुणी तिला कधीच म्हटलं नाही. तिनेही पुन्हा ती मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काल काय बोललीस?"

"काहीच नाही, सर."

सरांनी मान डोलावली. त्या घरात काय घडलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि ते सांगण्याचा अधिकार आपला नाही, हे ऋजुताला आता कळत होतं.