घर नाही, पण धूर आहे

डोंगरावरच्या आमच्या शहरात धुराविना ऊब पुरवायची योजना आली. आयुक्त रेगुंडवारांनी संगणकात अख्खं शहर उभं केलं. त्यात दिसेल त्या घराला गरम पाण्याचा पाइप मिळणार होता. लोहारवस्तीच्या जागी मात्र नुसता काळा डाग दिसला. झालं, तिथल्या शेगड्या जप्त! आठवड्यात दोन म्हाताऱ्या गारठून मेल्या.

वस्तीतली तान्हूबाई कचेरीत धडकली. "साहेब, आमचे पाइप?"

"तुमची घरं अनधिकृत, बाई. मॉडेलमध्ये तिथे घरच नाही."

"मग तो काळा डाग कसला?"

"धुराचा."

"घर एक नाही, अन् धूर तेवढा निघतोय. अशा जागेला आम्ही मसणवटा म्हणतो, साहेब. तेवढं नाव घाला तिथं. मढी आम्ही पुरवतोच आहोत."

शेगड्या त्याच दुपारी परत आल्या. म्हाताऱ्या कुठून येणार?