पहिला सूर मालकाचा

कुंदा भेंडीला फोडणी देत होती, तेव्हा वाद्यांच्या दुकानातून फोन आला. "वहिनी, श्रीधररावांचा अ‍ॅम्प्लिफायर आलाय अमेरिकेहून."

बेस गिटार वाजवणारा तिचा नवरा श्रीधर उन्हाळ्यातच गेला होता. त्याने हौसेने मागवलेली ही शेवटची वस्तू. रविवारी त्याच्या स्मरणार्थ ऑर्केस्ट्रातले मित्र याच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवणार होते.

दुकानात तिने अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू वाचली. "शिरगुप्पेसाहेब, हा एकशेवीस व्होल्टचा आहे. आपल्याकडे दोनशेतीस. जळेल हो."

"जन्म गेला माझा या धंद्यात," दुकानाचे मालक शिरगुप्पे खुर्चीत रेलून म्हणाले. "ते नुसतं छापलेलं असतं. बायकांनी कशाला पडावं व्होल्टच्या भानगडीत? घरी न्या, बिनधास्त लावा."

वाद घालायचं त्राण कुंदात नव्हतं. पण या दुकानाची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. नवं वाद्य गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याला हळदकुंकू वाहून पहिला सूर शिरगुप्पे स्वतः लावत.

"बरं," ती म्हणाली. "मग पहिला सूर तुमचा. मी कुंकू लावते, तुम्ही पिन लावा."

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. शिरगुप्पे पिन घेऊन सॉकेटपाशी गेले आणि तिथेच थबकले.

"आज अमावास्या आहे, वहिनी."

"काल झाली."

थोड्या वेळाने आतून दोनशेतीसचे एकशेवीस व्होल्ट करणारा एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आला, दुकानातर्फे फुकट.

रविवारी मित्रांनी मनापासून वाजवलं. श्रीधरची गिटार मात्र कुंदाने अजून पिशवीतून काढलेली नाही.